दूध पाजल्याने छाती उतरते का?

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे, अंगावर पितं. जाऊबाई सारख्या सांगतात, 'आता वरच्या दुधावर घे, नाहीतर छाती उतरेल.' त्यांचं खरं मानायचं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जाऊबाईंनी पाहिलंय ते खरं असेल, कारण मात्र त्यांनी भलतंच धरलंय. स्तनांचा आकार बदलतो तो गरोदरपणामुळे. बाळ पहिल्यांदा छातीला लागतं, तोवर बरंचसं होऊन गेलेलं असतं.

स्तनाला उचलून धरणारा स्नायू आत नसतो. असतात त्या दुधाच्या ग्रंथी आणि नलिका, भोवती चरबी, आणि हे सगळं छातीशी धरून ठेवणारे तंतूंचे पातळ पडदे. त्यांना कूपरचे बंध म्हणतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन या हार्मोन्समुळे ग्रंथी फोफावतात. चरबीची बरीच जागा त्या घेतात. बंध आणि कातडी ताणली जाते. दूध बंद झालं की दूध तयार करणाऱ्या पेशींचं काम संपतं, त्या मरतात आणि ग्रंथी आक्रसतात. चरबी परत भरायला मात्र काही महिने लागतात. मधल्या काळात अभ्रा तोच आणि कापूस निम्मा, अशी गत असते. वरचा भाग रिकामा वाटतो, बोंडशी खाली झुकलेली दिसते. बायका घाबरतात त्या नेमक्या याच टप्प्यावर. म्हणून दूध सुटल्यावर सहा महिने होईपर्यंत आरशाचा निकाल अंतिम धरू नका.

ज्यांनी एक दिवसही पाजलं नाही त्यांचीही छाती उतरते. केंटकी विद्यापीठातले प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या 93 माता होत्या. ओघळण्याशी संबंध दिसला तो वय, गरोदरपणांची संख्या, वजन, आधीपासूनचा ब्राचा मोठा कप आणि सिगारेट यांचा. अंगावर पाजण्याचा दिसला नाही. (मशेरी त्या पाहणीत नव्हती, पण निकोटिन दुधात उतरतं, तेव्हा पाजणाऱ्या आईने तीही सोडलेली बरी.)

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजायला सांगते. निव्वळ आकारासाठी आठव्या महिन्यात दूध तोडून हाती काही लागणार नाही.

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा आहे. दूध सोडवायला कडुलिंब लावला आणि एकदम बंद केलं. सासूबाईंनी छाती ओढणीने घट्ट बांधली. आज तिसरा दिवस. उजवी बाजू दगडासारखी झालीय, एक पट्टा लाल आहे, अंगात कणकण आहे.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी ती ओढणी सोडा. बांधल्याने दूध आटत नाही. दाब पडतो तिथे नलिका दबते, मागे दूध तुंबतं, आजूबाजूचा भाग सुजतो. लाल पट्टा आणि ताप ही स्तनदाहाची लक्षणं आहेत. आजच डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला तर पू धरतो, मग तो सुईने किंवा छेद घेऊन काढावा लागतो.

जाईपर्यंत एवढं करा. हाताने थोडं दूध काढा, फक्त ताण सैल होईपर्यंत. रिकामं करायला जाऊ नका, कारण जेवढं काढाल तेवढं पुन्हा येतं. रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा, असं दिवसातून चार-पाचदा. जोरजोरात चोळून 'गाठ फोडायचा' प्रयत्न अजिबात नको. त्याने सूज वाढते. मुलगा प्यायला मागत असेल तर पाजायला हरकत नाही, ते दूध त्याला बाधत नाही.

बरं वाटलं की पुन्हा सुरुवात करा, पण सबुरीने. आधी दुपारची एक वेळ बंद करा आणि चार-पाच दिवस तसेच जाऊ द्या. मग दुसरी. रात्री झोपतानाची वेळ सगळ्यांत शेवटी. छातीत दूध राहिलं की शरीर स्वतःच कमी करतं, त्याला तेवढा अवधी द्यायचा. शेवटच्या वेळेनंतरही काही आठवडे, कधी काही महिने, दाबल्यावर दोन-चार थेंब येतात. तपासायला रोज दाबत बसलात तर थेंब यायचे थांबणार नाहीत.

प्रश्न : डावा स्तन उजव्यापेक्षा ठळकपणे लहान दिसतो. बाळ उजवीकडेच जास्त पितं.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जिथे मागणी जास्त, तिथे दूध जास्त. प्रत्येक वेळी डावीकडून सुरुवात करा, पहिली भूक जोराची असते. फरक कमी होतो. थोडाफार उरला तरी चिंता नाही, बहुतेकींना तो आधीपासूनच असतो. अचानक आणि एकाच बाजूला बदल झाला तर मात्र थांबू नका. दोन आठवड्यांत न विरघळणारी गाठ, बोंडशीतून रक्त, नव्याने आत ओढली गेलेली बोंडशी, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, औषधाने न हटणारी लाली यांपैकी काहीही दिसलं तर सोनोग्राफी करून घ्या. पाजत असतानाही ती करता येते. 'दुधाची गाठ असेल' म्हणून सोडून दिलेल्या गाठींत क्वचित कर्करोगही निघतो.

प्रश्न : दूध सुटून दोन महिने झाले. जुनी ब्रा वर सुरकुतते आणि खाली सैल पडते. घट्ट करणारं क्रीम, तेल किंवा व्यायामाने फरक पडेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : क्रीमने आणि तेलाने नाही. ताणलेले बंध बाहेरून चोळून आखडत नाहीत. पुश-अप्समुळे स्तनाखालचा छातीचा स्नायू बळकट होतो, खांदे मागे जातात, त्यामुळे उभं राहणं सुधारतं. स्तन त्याने वर चढत नाही.

पैसे खर्चायचेच तर मापावर खर्चा. टेप स्तनांखालून घट्ट फिरवा; 34 इंच आले तर पट्टा 34. मग सगळ्यांत भरलेल्या भागावरून सैलसर घ्या. फरक एक इंच असेल तर ए, दोन असेल तर बी, तीन असेल तर सी. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं. आधार खांद्याच्या पट्ट्यांनी नव्हे, खालच्या पट्ट्याने मिळतो. नवी ब्रा शेवटच्या, म्हणजे सगळ्यांत सैल हुकावर नीट बसायला हवी आणि पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. आता एक-दोनच घ्या, चार महिन्यांनी पुन्हा मापा. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर तोही दूध सुटून सहा महिने झाल्यावर आणि पुढचं मूल नको असं ठरल्यावरच, कारण पुढच्या गरोदरपणात कातडी पुन्हा ताणली जाते आणि व्रण मात्र राहतात.