इविंग सारकोमाची केमो: सोबत बसणाऱ्याने त्या दिवशी काय बघायचं

तुमचा १७ वर्षांचा भाचा, मांडीच्या हाडात इविंग सारकोमा (हाडाचा कॅन्सर), चंद्रपूरहून नागपूरला यायचं, पहिली केमो पुढच्या आठवड्यात. आणि सोबत बसणाऱ्याने दिवसभर नेमकं काय करायचं, हा तुमचा प्रश्न. तुम्ही दिलेल्या औषधांच्या यादीवरून हा आलटून-पालटून चालणारा प्रोटोकॉल आहे. एका वेळी विन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड. पुढच्या वेळी आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइड, ओळीने ५ दिवस. दोन्ही वेळचं लक्ष वेगळ्या गोष्टींवर ठेवावं लागतं.

पण एक काम पहिल्या डोसच्या आधीच व्हायला हवं: मुलाचं वीर्य गोठवून ठेवणं. सायक्लोफॉस्फामाइड आणि आयफॉस्फामाइड, दोन्हींमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. नागपुरातल्या आयव्हीएफ सेंटरमध्ये चौकशी करा, केमोची तारीख फारशी न हलवता हे होतं. घरात विषय काढायला सगळेच अवघडतात. तुम्ही मामा आहात, तुम्हीच काढा आणि डॉक्टरांना उद्याच विचारा.

आदल्या दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), लिव्हरचे रिपोर्ट हातात हवेत. डॉक्सोरुबिसिन हृदयावर ताण आणतं, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) आधी झालेला असावा. डोस उंची-वजनावरून काढतात; वजन उतरलं असेल तर जुन्या आकड्यावर डोस काढू देऊ नका, पुन्हा काट्यावर उभं करायला सांगा. महात्मा फुले योजनेतून उपचार असतील तर मंजुरी आली का, हे आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस) आदल्या दिवशीच विचारा. तुकडोजी हॉस्पिटल असो की जामठ्याचं एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट), सकाळी लवकर पोचा. कारण पुढे दिसेल.

विन्क्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं. म्हणून इतक्या सायकल (केमोच्या फेऱ्या) असताना पोर्ट, म्हणजे कातडीखाली बसवून मोठ्या शिरेला जोडलेली डबी, बसवलेला बरा. हाताच्या शिरेतून देणार असतील तर सुई टोचल्याची जागा उघडी ठेवा, वर चादर नको. जळजळ, सूज किंवा लाली दिसली की लगेच सिस्टरला बोलवा आणि औषध थांबवायला सांगा. आपल्या मनाने बर्फ लावू नका: डॉक्सोरुबिसिनला थंड शेक लागतो, विन्क्रिस्टीनला गरम.

डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लालसर-केशरी होते. एकसारखा, स्वच्छ रंग आणि आग नाही, तर ते औषधच बाहेर पडतंय. विन्क्रिस्टीनने आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध त्याच रात्रीपासून सुरू करायचं का ते विचारून घ्या. तीन दिवस शौचाला कडक झाल्यावर धावपळ नको. जबडा दुखणं, बोटांना मुंग्या हे फाइलमध्ये लिहून घ्या. आणि नायट्यासाठी कुणी इट्राकोनाझोलसारखी बुरशीची गोळी दिली तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. अशा गोळ्यांनी विन्क्रिस्टीन अंगात साचतं आणि नसांचा त्रास फार वाढतो.

आयफॉस्फामाइडचे ५ दिवस मात्र डोळ्यांत तेल घालून बसायचे. हे औषध शरीरात फुटताना ॲक्रोलीन तयार होतं, ते लघवीत उतरून मूत्राशयाचं अस्तर जाळतं. मेस्ना हे औषध त्याला तिथेच निष्प्रभ करतं. पण मेस्ना शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं: बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला, ४ तासांनी आणि ८ तासांनी. चूक होते ती तिसऱ्या डोसला. आयफॉस्फामाइड सकाळी ११ ला लागलं तर तिसरा मेस्ना संध्याकाळी ७ ला येतो, आणि तोवर डे-केअर आवरायला घेतलेलं असतं. सकाळीच विचारा: तिसरा डोस कोण देणार, कुठे देणार? भरती करणार, की तोंडाने द्यायचा? उत्तर फाइलवर लिहून घ्या.

वहीत दोन रकाने करा, किती पाणी-सलाईन गेलं आणि किती लघवी झाली. खुणा असलेलं भांडं मेडिकलमध्ये मिळतं. दर दोन तासांनी लघवीला पाठवा, रात्रीही उठवून. या दिवसांत लाल लघवी, गाठी, आग किंवा लघवी कमी होणं दिसलं तर थेट डॉक्टर. मेच्या नागपुरी उन्हात घाम इतका जातो की पाण्याचा हिशेब चुकतो, तेव्हा किती प्यायचं याचा आकडा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

त्याच वहीत सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याला स्वतःचं नाव, वार आणि एक वाक्य लिहायला लावा. आयफॉस्फामाइडचा मेंदूवर परिणाम झाला तर झोपाळूपणा, असंबद्ध बोलणं, भलतंच दिसणं असं सुरू होतं. नुसता थकलाय असं वाटतं, पण वहीतल्या ओळी वाकड्या व्हायला लागतात. लगेच सांगा; वेळेवर औषध थांबवलं तर बहुतेक वेळा हे उतरतं. इटोपोसाइड भरभर सोडलं तर बीपी पडतं, सलाईनचा वेग स्वतः कधीही वाढवू नका.

जेवण साधं: वरण-भात, मऊ पोळी, ताजं शिजवलेलं. सावजी आणि गाडीवरची तर्री काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा) पुन्हा वर येईपर्यंत नको.

काउंट वाढवायचं इंजेक्शन, फिलग्रास्टिम, केमो संपल्यावर २४ तासांनंतर सुरू होतं, आधी नाही. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवा, पण मधे कापड घाला. ते गोठू देऊ नका.

काउंट साधारण ७ ते १४ दिवसांत तळाला जातात. चंद्रपूर दीडशे किलोमीटर लांब, म्हणून पहिल्या सायकलला हे दिवस नागपुरातच काढता आले तर बघा. जमत नसेल तर चंद्रपूरच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी घ्या: कुठली केमो, कुठल्या तारखेला, ताप आल्यास कुठलं अँटिबायोटिक. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, कारण काउंट नसताना संसर्ग काही तासांत रक्तात पसरतो, आणि गोळीने फक्त आकडा खाली येतो. थर्मामीटर आणि वॉर्डचा रात्रीचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.