10 बाय 13 फुटांच्या खोलीत खुर्ची मधोमध आहे, स्पीकरचा बास येतच नाही. स्पीकर कुठे ठेवू?

आधी खुर्ची हलवा, मागच्या भिंतीपासून साधारण 5 फुटांवर आणा. 13 फूट लांबीत 43 हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा होतो, आणि तुम्ही नेमके तिथेच बसताय. मग एखादी घुमट आरती (घुमट म्हणजे गोव्यातलं मातीचं तालवाद्य) लावून स्पीकर समोरच्या भिंतीकडे वीत-वीत सरकवत ऐका. भिंत जवळ आली की बास वाढतो, पण घुमटाची प्रत्येक थाप सुटी ऐकू आली पाहिजे. थापा एकमेकींत मिसळू लागल्या की स्पीकर थोडे पुढे ओढा. कोपरा टाळाच, तिथे नुसता घुमघुमाट होतो. वायरही तपासा: एकाच स्पीकरची लाल-काळी उलटी लागली असेल तर बास मरतो. डिचोली-फोंड्याकडे घरोघरी स्पीकर बसवताना मला हे फार वेळा सापडतं. मात्र वर स्लॅब नसून उघडी कौलं असतील, तर बास बराचसा बाहेर निसटतो. मग 5 फूट ही फक्त सुरुवात धरा आणि पुढचं कानाने ठरवा.