झोपेवर कायचा अभ्यास?

पत्र असं आहे : 'सर, आमचं गाव दारव्हा तालुक्यात, पाच एकर कोरडवाहू वावर. पोरगी बारावी सायन्सला आहे, नीटची तयारी चालू होती. आता म्हणते, लेकरांच्या झोपेच्या आजारांवर संशोधन करतो. मेरी कार्सकाडन नावाच्या अमेरिकन बाईचं मोबाईलवर वाचलं तिनं. लहाना सात वर्षांचा, रात्री जोरात घोरते अन् झोपेतून किंचाळत उठते. सकाळी विचारलं तर त्याले काही आठवत नाही. गावात म्हणतात बाहेरचं लागलं. रानडुकरांपायी मी रात्री जागलीला असतो, अन् ही त्याच्याजवळ जागी राहून वहीत कायबाय लिहिते. झोपेवर कायचा अभ्यास? त्यानं पोट भरते का?'

भाऊ, नमस्कार.

करिअर दोन दिवस थांबेल, आधी लहान्याचं बघा. मी डॉक्टर नाही. पण रोज जोरात घोरणारं लेकरू कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं, एवढं मला ठाऊक आहे. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढली की झोपेत श्वास अडतो, झोप पुन्हा पुन्हा मोडते. किंचाळून उठणं आणि सकाळी काहीच न आठवणं, हे गाढ झोप अर्धवट मोडल्यानं होतं. त्यात बाहेरचं काही नसतं. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जा आणि पोरीची वही सोबत न्या. घोरणं किती वाजता सुरू होतं, श्वास किती वेळ थांबल्यासारखा वाटतो, किंचाळतो कधी, हे तिनं लिहिलं असेल तर डॉक्टरांचं निम्मं विचारणं वाचेल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही वहीच. कार्सकाडनबाईंनी तरी दुसरं काय केलं? १९७६ पासून त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळी शिबिरं भरवली आणि तीच ती मुलं दरवर्षी बोलावली. रात्री दहा तास अंथरूण मोकळं ठेवायचं आणि कोण किती झोपतं ते यंत्रावर टिपायचं. मूल वाढलं की झोप कमी लागते, असा तेव्हा समज होता. तिथं दिसलं भलतंच. मोठी झालेली मुलंही नऊ तासांच्या आसपास झोपत होती, आणि एवढं झोपूनही दिवसा जास्त पेंगत होती. हे पेंगणं मोजायचं कसं? दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत आडवं करायचं आणि किती मिनिटांत डोळा लागतो ते बघायचं. ही चाचणी पुढं जगभर रूढ झाली. दिवसा अनावर झोप येण्याचा नार्कोलेप्सी नावाचा आजार आजही तिच्यावरून ओळखतात.

आता तुमच्या कामाचं. ही बाई एमबीबीएस वगैरे काही नाही. पदवी मानसशास्त्राची, नंतर १९७९ मध्ये स्टॅनफर्डची पीएचडी. म्हणजे नीट हुकली तरी हे दार बंद होत नाही. पोरीला एवढंच विचारा : लेकरू बरं करायचं की ते असं का होतं हे शोधायचं? बरं करायचं असेल तर वाट एमबीबीएसची. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, वर बालरोगाचं एमडी तीन वर्षं, झोपेचा विषय त्याच्याही पुढं. शोधायचं असेल तर मानसशास्त्रात बीए, एमए, मग नेट ही परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. मिळते थोड्यांनाच, हेही आत्ताच सांगून ठेवतो. आणि 'झोपेचा संशोधक पाहिजे' अशी जाहिरात तुम्हाला पेपरात कधी दिसायची नाही. ही माणसं पोट भरतात ती डॉक्टर, प्राध्यापक किंवा मानसोपचारतज्ज्ञ म्हणून.

माझं मत विचाराल तर नीट एकदा देऊ द्या, तयारी झालीच आहे. पण रिपीटसाठी कापसाचे पैसे नागपूरच्या क्लासात ओतू नका. बीएचा फॉर्म त्याच वेळी भरून ठेवा.

खेड्यातून कसलं संशोधन, असं म्हणाल तर गडचिरोली फार लांब नाही. तिथं बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेत गावातल्याच बायांनी नवजात बाळांची देखभाल केली, नोंदी ठेवल्या. ३९ गावांतलं ते काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

एका गोष्टीत मात्र पोरीचं चुकतंय, असं तिला माझ्याकडून सांगा. तिच्या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते, आणि ती भावापायी जागते. वावरात दोन-चार रात्री चुलतभावाला नाहीतर शेजाऱ्याला पाठवा. लहान्याजवळ तुम्ही झोपा, वही उशाशी घेऊन. काय लिहायचं ते ती सांगेल.