जुन्या बालमालिका मालक बदलल्यावर का बिघडतात?

तुम्ही विचारलंय की वर्षानुवर्षं चाललेल्या बालमालिका काटकसरी मालकाच्या हाती गेल्या की खरंच बिघडतात, की आपल्यालाच जुन्याचा लळा असतो. लळा असतोच, पण बिघाडही खरा आहे. बोलणाऱ्या, चेहरे असलेल्या रेल्वे इंजिनांची 'थॉमस अँड फ्रेंड्स' ही ब्रिटिश मालिका आहे, तिच्यावरून सांगते. ही मालिका मी मुलीबरोबर सुरुवातीपासून पाहिली आहे.

१९८४ साली ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांनी ती पडद्यावर आणली तेव्हा स्टुडिओत छोटी इंजिनं खरोखरच्या रुळांवर धावायची. डोळे रिमोटने हलायचे, पण रुसवा दाखवायचा तर अख्खा चेहरा काढून दुसरा बसवावा लागे. त्यातला 'द फ्लाइंग किपर' हा भाग बघा. हिवाळ्यातली पहाट आहे आणि हेन्री नावाचं इंजिन मासळीची गाडी घेऊन निघालंय. बर्फाच्या भाराने सिग्नलचा हात खाली आलाय, म्हणजे रस्ता मोकळा. पण सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सरकते रूळ, गोठून बाजूच्या रुळाकडेच वळलेले राहिलेत आणि तिथे एक मालगाडी उभी आहे. तिच्या गार्डच्या डब्यात माणसं कोको पीत बसलीत. ती कशीबशी बाहेर पडतात आणि हेन्री येऊन आदळतो. मूळ पुस्तकांचे लेखक रेव्हरंड ऑड्री यांचा आग्रह असे की गोष्टीला खऱ्या रेल्वेतल्या घटनेचा आधार हवा. १८७६ साली इंग्लंडमधल्या ॲबट्स रिप्टनच्या अपघातात सिग्नल असेच बर्फाने अडकले होते.

हा भाग पाहिला तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. तिने विचारलं, "सिग्नल खोटं का बोलला?" मग मी पट्टी आणि दोरा घेऊन तिला सिग्नल करून दाखवला. पुढचे कित्येक दिवस घरात तोच खेळ चालला होता.

आता मालकांकडे येऊ. २००२ मध्ये ही मालिका एचआयटी एंटरटेनमेंट या बालमालिकांच्या कंपनीकडे गेली. २००५ मध्ये एचआयटीच एपॅक्स या गुंतवणूक कंपनीने घेतली आणि पुढे मॅटेलने ती ६८ कोटी डॉलरना विकत घेतली. मॅटेल ही खेळणी बनवणारी कंपनी. एवढा पैसा कोणी पाच मिनिटांच्या गोष्टींसाठी मोजत नाही. तो मोजला जातो नावासाठी आणि खेळण्यांच्या हक्कांसाठी. एकदा कमाई खेळण्यांतून होते असं ठरलं की प्रत्येक भाग हिशेबात जाहिरातीच्या खर्चासारखा दिसू लागतो आणि जाहिरात जितकी स्वस्तात होईल तितकी बरी. आधी कात्री लागते ती चटकन न दिसणाऱ्या गोष्टींना : रेल्वे माहीत असलेला लेखक, पुन्हा पुन्हा लिहायला मिळणारा वेळ. २००४ नंतरचे भाग ओळीने पाहिले तर एकच साचा दिसतो. इंजिन ऐकत नाही, तीनदा चुकतं, शेवटी माफी मागतं.

२००९ पासून सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि मॉडेल गेली. बरेच जण दोष तिथेच देतात, मीही द्यायचे. पण ते खरं नाही. २०१३ मध्ये अँड्र्यू ब्रेनर मुख्य लेखक झाले. मालक मॅटेलच होता, ॲनिमेशनही कॉम्प्युटरचंच, तरी गोष्टींत पुन्हा रेल्वे आली. म्हणजे त्याच मालकाला हवं असतं तर जमत होतं! उलट २०२१ मध्ये आलेल्या 'ऑल इंजिन्स गो' या मालिकेच्या नव्या अवतारात चपटी, सपाट चित्रं आहेत आणि इंजिनं रुळांवरून चक्क उड्या मारतात. जे इंजिन उडी मारू शकतं, त्याला चुकीच्या सांध्याची भीती कुठून असणार? हेन्रीची ती गोष्ट त्या जगात सांगताच येणार नाही.

मालकाला हे नुकसान वेळेवर का कळत नाही, हा मला यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. बालमालिकेचा प्रेक्षक दर तीन-चार वर्षांनी नवा असतो. तीन वर्षांच्या मुलाने १९८४ चे भाग पाहिलेले नसतात, त्यामुळे ते तक्रार करत नाही. खेळणं विकत घेणारे आईबाप स्वतःच्या लहानपणच्या आठवणीवर घेतात. बचत ताळेबंदात त्याच वर्षी दिसते, आणि तोटा दिसायला ती मुलं मोठी होऊन स्वतःच्या मुलांना काय दाखवतात तिथपर्यंत थांबावं लागतं. तोवर मालक पुन्हा बदललेला असतो.

'बॉब द बिल्डर' आणि 'फायरमन सॅम' या बाहुल्यांच्या मालिकाही एचआयटीकडेच होत्या आणि त्याही कॉम्प्युटरवर गेल्या. याउलट 'शॉन द शीप' अजून हातानेच, एकेक फ्रेम हलवून बनते. ती बनवणाऱ्या आर्डमनच्या संस्थापकांनी २०१८ मध्ये कंपनीचा ७५ टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांच्या नावे केला. बनवणारे आणि मालक एकच असले की कात्री कुठे चालवायची नाही हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

घरात लहान मूल असेल तर सुरुवातीच्या दोन-तीन सीझनचे भाग लावून बघा. चेहरे हलत नाहीत म्हणून पहिलं मिनिटभर ते चुळबुळ करेल, माझी मुलगीही करत होती. सिग्नलचा हात खाली येईपर्यंत थांबा.