एमसीएला ॲडमिशन झालं ना, मग हे वाच

अरे अभिनंदन! आता एमसीए (कॉम्प्युटरची मास्टर्स डिग्री) २०२०-२१ पासून दोनच वर्षांचं झालंय, त्यातलं शेवटचं सेमिस्टर बहुतेक इंटर्नशिपमध्ये जातं, म्हणजे शिकायला हातात तीनच सेमिस्टर उरतात, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) धर, पायथन की जावा हा वाद नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या चहावाल्याकडे चालू दे. एसक्यूएलमधलं जॉइन (टेबलं जोडणं) आणि ग्रुप बाय (ओळींचे गट करणं) कागदावर लिहिता आलं पाहिजे, इंटरव्ह्यूला तेच विचारतात. जावाची एरर पानभर येते, घाबरायचं नाही, खाली जाऊन शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधायचं, खरं दुखणं बहुतेक वेळा तिथंच असतं.

सगळे पुण्याकडे पळतात, पण नाशिकमधल्याच अंबड-सातपूरच्या कारखान्यातल्या आयटी डिपार्टमेंटलाही विचारून बघ, तिथला ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) दिसायला जुनाट असतो पण खरा डेटा हाताळायला मिळतो, माझ्या मते चकचकीत ऑफिसात बसून पीपीटी बनवण्यापेक्षा ते कितीतरी भारी. इंटर्नशिपसाठी उलट तुझ्याकडूनच पैसे मागणारे भेटतील, त्यांना लांबूनच रामराम. ऑफर लेटरवर तारखा, स्टायपेंड आणि गाइड कोण हे लिहून घे, कॉलेजची एनओसी (ना हरकत पत्र) वेळेत काढ, ऐन वेळी ऑफिसात सहीवाले सर रजेवर असतात.