आखणी बाराव्या माणसापासून

प्रिय शिष्येस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पुण्याहून बारा जणांना घेऊन फेब्रुवारीत अंदमानातल्या स्वराजद्वीपला, म्हणजे आपल्या तोंडी अजून रुळलेल्या हॅवलॉकला, स्कूबा डायव्हिंगसाठी जायचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. महिना योग्य निवडलास. जानेवारी ते एप्रिल या काळात तिथला समुद्र बहुधा शांत असतो आणि पाण्याखाली दूरवरचे दिसते. विमानभाडे, फेरी आणि खोल्या यांचा हिशेबही तू चोख मांडला आहेस. मात्र या बारा जणांपैकी कोणी किती डायव्ह केल्या आहेत आणि कोणाला पाण्याची धास्ती वाटते, याविषयी तुझ्या पत्रात एक ओळही नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या गटात पन्नाशीचे एक गृहस्थ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सर्दी झाली होती. परंतु बोट निघाली होती, बाकीचे नऊ जण सूट चढवून बसले होते आणि आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, एवढ्याच विचाराने ते गप्प राहिले. चारपाच मीटरवर ते नाक चिमटीत धरून पाण्याच्या दाबाने दडे बसलेले कान मोकळे करण्यासाठी जोर लावत असल्याचे मी पाहिले. मास्कच्या काचेमागे त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो तोवर कानाचा पडदा फाटला होता. पुढचे सगळे दिवस त्यांनी किनाऱ्यावर बसून काढले. चूक त्यांची नव्हती. आज नको वाटते का, असे मी त्या सकाळी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायला हवे होते. ते मी विचारले नाही, आणि इतक्या वर्षांनंतरही ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

एकटा माणूस घाबरला तर सहज माघार घेतो, गटात मात्र त्याला संकोच वाटतो. त्यामुळे गटाच्या सहलीची आखणी सर्वांत तरबेज डायव्हरकडे पाहून करू नये. जो सर्वांत नवखा किंवा साशंक आहे, त्याच्यापासून ती सुरू करावी. पाण्यात उतरायचे नसेल तर कारण सांगावे लागणार नाही आणि कोणी चिडवणारही नाही, हे निघण्याआधीच्या बैठकीत सर्वांसमक्ष स्पष्ट सांग. मग पहिल्याच दिवशी एखाद्या डायव्हला तू स्वतः बोटीवर थांब, म्हणजे तुझे सांगणे लोकांना खरे वाटेल.

वैद्यकीय प्रश्नावली सर्वांकडून घरीच भरून घे. दमा, हृदयविकार, कानाचे जुने दुखणे, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांची लेखी संमती पुण्यातच मिळवावी. बेटावर पोहोचल्यावर नकार मिळाला तर पैसे वाया जातात आणि खोटे लिहिण्याचा मोह होतो. प्रवासविमा डायव्हिंगला लागू आहे का, तेही पॉलिसी वाचून पाहा, कारण पुष्कळ पॉलिसींमध्ये ते वगळलेले असते. बेंड्सवरच्या, म्हणजे दाब झपाट्याने घटल्यामुळे शरीरात वायूचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या विकारावरच्या, उपचारासाठी लागणारा दाबकक्ष (वाढीव दाबाची बंद खोली) जवळात जवळ कुठे आहे आणि तिथवर रुग्णाला कसे नेणार, हे डायव्ह सेंटरला लेखी विचार. उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर दुसरे सेंटर शोध.

पाण्याखाली सोबतीने राहणाऱ्या दोघादोघांच्या जोड्या लावताना मैत्रीपेक्षा कोणाला किती हवा लागते ते पाहा. ११ लिटरची टाकी २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरलेली असते आणि ५० बार राखीव ठेवायचे असतात, म्हणजे वापरायला सुमारे १,६५० लिटर हवा मिळते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्याने हवाही दुप्पट लागते. मिनिटाला २० लिटर ओढणाऱ्या नवख्याची हवा तिथे चाळीस मिनिटांत सरते, तर संथ श्वास घेणारा अनुभवी माणूस तासभर राहू शकतो. अशा दोघांची जोडी लावलीस तर एकाला घाई होते आणि दुसऱ्याचा विरस होतो. ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे, तेव्हा जॉनीज गॉर्जसारखी खोल जागा त्यापुढचे ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र झालेल्यांसाठीच ठेव. तुझ्या यादीत पहिल्यांदाच पाण्याखाली जाणारे कोणी असतील, तर त्यांना प्रशिक्षकासोबत निमो रीफच्या उथळ पाण्यात ने. तिथेही त्यांना पुष्कळ पाहायला मिळते.

खुणांचा सराव कोरड्यावर पुन्हा पुन्हा करून घे. आपण फोनवर दिवसभर अंगठा पाठवतो आणि त्याचा अर्थ 'झकास' असा घेतो. पाण्याखाली मात्र अंगठा वर म्हणजे 'वर चला', आणि ती खूण कोणीही केली की डायव्ह तिथेच संपते. सगळे ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनी जुळवून करायची असते. मनातून घाबरलेला माणूसही सवयीने ती खूण करतो, म्हणून खुणेबरोबर त्याचे डोळे आणि बुडबुड्यांचा वेगही पाहत जा.

पाणी २८ अंशांचे असले तरी त्यावर विसंबू नये. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने ओढून घेते, त्यामुळे दिवसातल्या तिसऱ्या डायव्हला उष्ण कटिबंधातही हुडहुडी भरते. ३ मिलिमीटरचा सूट सर्वांना घालायला लाव आणि संध्याकाळी मद्याऐवजी भरपूर पाणी प्यायला सांग.

प्रवाळाबद्दल मला मनापासून काळजी वाटते. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापले आणि अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. जे तगले आणि जे नव्याने वाढले, त्यांच्यावरून आपले बारा जोड फिन्स (पायात चढवायची वल्ही) जाणार आहेत. नवखा माणूस खाली जाऊ लागला की सायकल चालवल्यासारखे पाय मारतो, खालची वाळू उसळते आणि शिंगासारखी एखादी फांदी काडकन मोडते. तेवढी वाढायला तिला कित्येक वर्षे लागलेली असतात. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही कोणी पिशवीत टाकू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

परतीच्या विमानाचा दिवस मात्र बदलावा लागेल. विमानातल्या कमी दाबानेही बेंड्स होऊ शकतात, म्हणून अनेक दिवस रोज डायव्ह केल्यावर उड्डाणापूर्वी किमान १८ तास थांबायचे असते, आणि तू शेवटची डायव्ह गुरुवारी दुपारी संपवून शुक्रवारी पहाटेचे विमान घेतले आहेस. ते शनिवारचे कर. शुक्रवारी श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेल पाहून होईल.

बारा जणांची यादी, प्रत्येकाच्या शेवटच्या डायव्हच्या तारखेसह, मला या आठवड्यात पाठव. ज्यांना पाण्यात उतरून वर्ष उलटले आहे, त्यांना आपण जानेवारीत दोन दिवस तारकर्लीला नेऊन सराव देऊ, मीही येईन.

तुझा शुभचिंतक