मधुमेहाच्या डॉक्टरने न्यूक्लिअर मेडिसिन शिकायला जर्मनीत यावं का?

नमस्कार डॉक्टर,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एमडी मेडिसिन, सिंहगड रोडवर सहा वर्षांची प्रॅक्टिस, निम्म्याहून जास्त पेशंट मधुमेहाचे, घरी चार वर्षांची मुलगी. जर्मनीत न्यूक्लिअर मेडिसिन (शरीरात किंचित किरणोत्सारी औषध सोडून ते कुठे जातं हे कॅमेऱ्याने बघण्याचा विषय) शिकून चार वर्षांत परतायचं आणि ते पुण्यातल्या मधुमेहींसाठी वापरायचं, हे जमेल का, असं विचारलंत. मी मूळची कोथरूडची, एमबीबीएस पुण्यात, गेली अकरा वर्षं इथे जर्मनीत, त्यातली सहा याच विषयात. मत आधीच सांगते: तुम्हाला जे शिकायचंय त्यासाठी पूर्ण स्पेशलायझेशन लागत नाही. आणि ते केलंत, तर पुण्यात त्याचा उपयोग तुम्ही धरलाय तसा होणार नाही.

परतण्याचा मुद्दा आधी घेते, कारण इथे आलेले बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी बघतात. इथलं न्यूक्लिअर मेडिसिनचं ‘फाखआर्ट्स्ट’, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर होण्याचं शिक्षण, ६० महिन्यांचं. परदेशातल्या ज्या पदव्युत्तर पात्रता भारतात थेट चालतात, त्या अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या. जर्मनी त्या यादीत नाही. आपल्याकडे गॅमा कॅमेरा किंवा पेट स्कॅनचं सेंटर (दोन्ही याच विषयातली यंत्रं) चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि तिथे या विषयात मान्य पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. म्हणजे पाच वर्षं इथे घालवून पुण्यात तुम्ही पुन्हा एमडी मेडिसिनच. स्वतः स्कॅन वाचून सही करायची असेल, तर भारतातच या विषयात एमडी किंवा डीएनबी केलेलं बरं.

त्या पाच वर्षांआधीची वाटही लांब आहे. बी२ पातळीपर्यंत जर्मन, मग तिच्या वरच्या सी१ दर्जाची वैद्यकीय भाषेची परीक्षा. ती तीन भागांची, प्रत्येकी वीस मिनिटं: पेशंटशी बोलणं, त्याची लेखी नोंद, आणि ती केस वरिष्ठ डॉक्टरला सांगणं. मराठी माध्यमातल्या मुलीला व्याकरण जड गेलं नाही, तीन लिंगं आपल्यालाही आहेत. जड गेलं ते म्हाताऱ्या माणसांचं बोलीतलं बोलणं. त्यानंतर ‘अप्रोबात्सिओन’, म्हणजे कायमची परवानगी. कागदपत्रांवरून तुमचं शिक्षण समकक्ष ठरलं नाही तर मेडिसिन-सर्जरीची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. प्रत्येक राज्याचं कार्यालय वेगळं आणि वेगही वेगळा. नोकरीला लागल्यावर पगार चांगला मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही.

आता खरा विषय. मधुमेहाच्या डॉक्टरने यातलं काय शिकायला हवं?

आधी जठर. अन्न जठरातून किती वेगाने पुढे जातं, हे बघायची एक तपासणी आहे. मी रुजू झाले त्या आठवड्यात वरिष्ठ डॉक्टरीणबाईंनी मला शिशाच्या विटांमागे छोट्या तव्यावर अंडं करायला लावलं. टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं कोलॉइड (बारीक कणांचं मिश्रण) कच्च्या अंड्यात घालून फेटायचं आणि मगच तव्यावर टाकायचं. शिजताना ते प्रथिनाला घट्ट धरतं. मी घाईत शिजलेल्या अंड्यावर वरून घालायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. वरून घातलेलं पोटात सुटतं, पाण्याबरोबर पुढे जातं आणि मंद जठरही नॉर्मल दिसतं. पेशंटने ते ब्रेड-जॅमबरोबर खायचं आणि चार तासांपर्यंत ठरावीक वेळी फोटो काढायचे. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त जेवण जठरात उरलं, तर गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे मंदावलेलं जठर.

तुमच्याकडे असे पेशंट नक्की आहेत: जेवल्यावर लगेच शुगर घसरते आणि तीन तासांनी चढते. इन्शुलिन वेळेवर पोचलेलं असतं, अन्न जठरातच अडकलेलं असतं. आपण मात्र ‘पथ्य पाळत नाहीत’ म्हणून मोकळे होतो. मीही पुण्यात तेच लिहायचे, याचं आज वाईट वाटतं. तपासणीच्या सकाळी शुगर २७५ च्या खाली हवी, कारण चढलेली शुगर स्वतःच जठर मंद करते. हे बघायचं काम पाठवणाऱ्या डॉक्टरचं. आणि पेठेतले शाकाहारी आजोबा अंडं खाणार नाहीत. इडलीवर ही तपासणी आपल्याकडे झालेली आहे, फक्त अंड्याचे आकडे इडलीला लावू नका.

पायाचंही तसंच. लाल, सुजलेलं, गरम पाऊल. शार्को (नसा बधिर झाल्याने पायाची हाडं-सांधे ढासळणं) की हाडात जंतुसंसर्ग? साधा बोन स्कॅन दोन्हीत उजळतो. मग पेशंटचंच रक्त घेऊन पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना टेक्नेशियम जोडून परत सोडायच्या आणि त्या कुठे गोळा होतात ते बघायचं. शार्कोच्या पायात कधी कधी अस्थिमज्जाही वाढते आणि पेशी तिथेही जमतात, म्हणून सोबत मज्जेचा स्कॅन करतात. पेशी दिसल्या आणि मज्जा नाही, तर संसर्ग. या उत्तरावर बोट राहणार की जाणार हे ठरतं. ‘बोन स्कॅन’ एवढंच चिठ्ठीवर लिहिणारा डॉक्टर ते उत्तर मिळवू शकत नाही.

हृदयाबाबत जपून. लक्षणं नसलेल्या ११२३ मधुमेहींवर अमेरिका-कॅनडात झालेल्या ‘डायॅड’ अभ्यासात निम्म्यांचा परफ्युजन स्कॅन (हृदयाच्या स्नायूला रक्त कितपत पोचतं ते दाखवणारा) केला. स्कॅन केलेल्यांपैकी साधारण २२ टक्क्यांत छुपा दोष सापडला, पण जवळजवळ पाच वर्षांनी हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने मृत्यू दोन्ही गटांत सारखेच (२.७ आणि ३ टक्के). म्हणून सरसकट स्कॅन नको. आपली माणसं मात्र वेगळी आहेत, हे पुण्याच्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांनीच जगाला दाखवलं. बीएमआय २२.३ असलेल्या दोघांच्या, म्हणजे त्यांच्या आणि ब्रिटिश सहकाऱ्याच्या, अंगातली चरबी २१.२ आणि ९.१ टक्के निघाली होती. म्हणून दम लागणारा बारीक पेशंट समोर आला तर ‘बारीक तर आहे’ म्हणून त्याला घरी पाठवू नका.

मी आधी काम केलेल्या एका हॉस्पिटलात पायाच्या पेटसाठी पेशंट आला. शुगर जास्त होती म्हणून वॉर्डात कुणीतरी निघताना झटपट इन्शुलिन दिलं आणि कळवलं नाही. पेटसाठी टोचलेलं साखर-ट्रेसर, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेली साखर, सगळं मांड्यांच्या स्नायूंत गेलं आणि पाऊल रिकामं दिसलं. औषध वाया, दिवस वाया, आणि त्या माणसाला पुन्हा उपाशी राहावं लागलं. कॅमेरा चांगला होता, वाचणारे चांगले होते. कमी पडलं ते मधुमेह बघणाऱ्यांचं प्रशिक्षण. मेटफॉर्मिनने आतडं उजळतं हेही तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर प्रॅक्टिस चालू ठेवली असती. आठवड्यातली एक सकाळ पुण्यातल्याच एखाद्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, आपण पाठवलेल्या पेशंटच्या स्कॅनशेजारी बसायचं. युरोपियन असोसिएशन ऑफ न्यूक्लिअर मेडिसिनची ‘एस्मिट’ ही शाळा आहे, तिचे पहिल्या पातळीचे अभ्यासक्रम घरी बसून होतात. त्यानंतर इथे दोन-तीन महिन्यांची ‘होस्पिटात्सिओन’ घ्या. त्यात फक्त बघायचं असतं, त्यामुळे अप्रोबात्सिओन लागत नाही. पगार नसतो, राहण्याचा खर्च तुमचा. विभागप्रमुखांना थेट पत्र लिहा आणि जठर व पाय या दोनच गोष्टी बघायच्या आहेत असं स्पष्ट सांगा. नेमकं मागणाऱ्याला इथे लवकर हो म्हणतात. बी१ जर्मन झालेलं असेल तर पेशंटचं बोलणं कळेल. बोट क्लब रोडला मॅक्समुलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्येही वर्ग असतात.

सगळं वाचूनही कायमचं यायचं ठरलं, तर मुलगी पहिलीत जायच्या आत या. ती भाषा तुमच्या आधी शिकेल. अर्जाचं पत्र लिहिलंत की मला पाठवा, मी जर्मन तपासून देईन.